दोन पावांत एक मोहरी : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात एका पानाच्या कोपऱ्यात जागा उरली होती म्हणून मी प्रकाशावर चालणाऱ्या नॅनोसेन्सरबद्दल छोटीशी चौकट लिहून दिली, की सोन्याचे अतिबारीक कण आणि थोडा उजेड एवढ्या भांडवलावर दुधातलं, भाजीवरचं, पाण्यातलं अगदी कणभर रसायनसुद्धा पकडता येतं वगैरे. तेव्हापासून मेसेज सुरू आहेत ते अजून थांबलेले नाहीत. सगळे घेणं शक्य नाही, थोडे निवडलेत, कुणाचा राहिला असेल तर रागावू नका.

आधी माझी चूक. चौकटीत मी नॅनोमीटर म्हणजे सेंटिमीटरचा दहा लाखावा भाग असं लिहून बसले. मिलिमीटरचा! कळव्याच्या नववीतल्या एका मुलाने पकडलं, वर लिहिलंय "मॅडम, दहापट चुकलात". चुकले बाबा.

सोनं पिवळं असतं, मग तुम्ही "लाल सोन्याचं पाणी" कसं लिहिलंत? आणि दुधात काय आहे ते सोन्याला कळतं कसं? — एक गृहिणी, ऐरोली

पिवळं दिसतं ते बांगडीतलं सोनं. त्याचेच तेरा-पंधरा नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत ठेवले की पाणी कोकम सरबतासारखं लाल दिसतं. मी रबाळ्याच्या लॅबमध्ये नवीन लागले होते तेव्हा हे पहिल्यांदा केलं. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळत ठेवायचं आणि ढवळता ढवळता त्यात सायट्रेट ओतायचं, सायट्रेट म्हणजे लिंबात जे आम्ल असतं ना त्याचाच क्षार. आधी पिवळेपणा जातो, मग पाणी काळपट होतं, इथे मी गारच पडले, म्हटलं एवढं महागाचं सोनं वाया घालवलं, आता साहेब ओरडणार. पण पाणी जांभळट झालं आणि बघता बघता स्वच्छ लाल. मग आमच्या सीनियर बाईंनी त्यातलं थोडं टेस्ट ट्यूबमध्ये काढून चिमूटभर मीठ टाकलं आणि सांगितलं, आता बघ. लालचं निळं-जांभळं झालं, डोळ्यांदेखत.

सोनं तेवढंच, पाणी तेच, फक्त कण एकमेकांना चिकटले. सायट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांना लांब ठेवतात, मिठाने तो भार झाकला जातो आणि सगळे एकत्र गोळा होतात. रंगाचं म्हणाल तर कणावर उजेड पडला की आतले इलेक्ट्रॉन सगळे मिळून हिंदकळतात, लोकलने अचानक ब्रेक मारल्यावर उभी गर्दी हिंदकळते तसे. एवढ्याशा सोन्यात तो झोका हिरव्या उजेडाशी जुळतो, त्या उजेडाच्या लाटेची लांबी ५२० नॅनोमीटरच्या आसपास (ही लाटेची, कणाची नव्हे), म्हणून हिरवा गिळला जातो आणि आपल्या डोळ्याला लाल येतो. कण चिकटले की झोक्याची लय बदलते, आता नारिंगी-तांबडा गिळला जातो आणि निळं दिसतं. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये असं लाल सोनं करून त्यावर लिहिलं होतं, त्याची बाटली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून आहे.

आता सोन्याला कसं कळतं. सोन्याला काही कळत नाही हो! आपण जे शिकवू तेवढंच त्याला येतं. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन हे प्लास्टिक बनवायचं रसायन मिसळल्याचं उघड झालं, तीन लाखांच्या घरात बाळं आजारी पडली, सहा दगावली. तर मेलामाइनचा रेणू असा की त्याला चिकटायला बऱ्याच बाजू आहेत, तो दोन सोन्याच्या कणांमध्ये जाऊन त्यांना जोडतो आणि लाल पाणी निळं होतं, त्यावर नंतर भरपूर टेस्ट निघाल्या. पण मुळात ती भेसळ खपली कशी ते बघा. दुधातलं प्रोटीन मोजायची जुनी पद्धत नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रोटीनचा आकडा काढते. मेलामाइनमध्ये वजनाने दोन तृतीयांश नायट्रोजन. म्हणजे मशीनने नायट्रोजनचा आकडा अगदी बरोबर दिला, तो प्रोटीनचा नव्हता एवढंच. पुढच्या सगळ्या उत्तरांत हे डोक्यात ठेवा, किती आहे हे सांगणारं यंत्र मिळतं, नक्की कशाचं आहे हे सांगणारं मिळायला जीव जातो.

प्रेग्नन्सी टेस्टमध्ये दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह. माझा भाऊ डेअरीत आहे, तो म्हणतो त्यांच्या दुधाच्या पट्टीवर रेघ गायब झाली की दूध खराब. हे उलटं का? — नौपाडा, ठाणे

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण लहान रेणूंची सगळी गोची यात आहे.

दोन्ही पट्ट्यांवरची गुलाबी रेघ बहुतेक वेळा त्याच सोन्याच्या कणांची असते, हे आधी लक्षात घ्या. प्रेग्नन्सीचं हार्मोन म्हणजे चांगलं मोठं प्रोटीन, ३७ हजार डाल्टनच्या आसपास (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप, हायड्रोजनचा एक अणू साधारण एक डाल्टन). त्याला एका बाजूने सोन्यावर बसवलेली अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच ओळखून पकडणारं प्रोटीन, धरते आणि दुसऱ्या बाजूने रेघेवर चिकटवलेली अँटीबॉडी धरते, म्हणजे वडापावच, मध्ये वडा आणि दोन्हीकडून पाव. वडा असेल तर सोनं रेघेवर अडकतं, रेघ उमटते. सोपं आहे.

आता दुधातलं अफ्लाटॉक्सिन एम१ घ्या, हे बुरशीपासून येणारं विष. गाई-म्हशीने बुरशी लागलेली पेंड खाल्ली की ते दुधात उतरतं. त्याचा रेणू ३२८ डाल्टनचा. म्हणजे वड्याच्या जागी मोहरीचा एक दाणा! एका पावाने धरला की तो त्या पावातच रुतून बसतो, दुसऱ्या पावाला धरायला शिल्लक काही राहतच नाही. मग शहाण्या लोकांनी काय केलं, रेघेवरच आधी अफ्लाटॉक्सिन चिकटवून ठेवलं. दूध स्वच्छ असेल तर सोन्यावरच्या अँटीबॉडीचे हात मोकळे असतात, त्या रेघेला धरतात, रेघ गुलाबी. दुधात अफ्लाटॉक्सिन असेल तर त्यांचे हात आधीच भरलेले, आणि दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या माणसाला लोकलचा दांडा धरता येत नाही, गर्दीबरोबर तो पुढे वाहत जातो, तशा त्या रेघ ओलांडून जातात. रेघ फिकट किंवा गायब. पेनिसिलिन गटातल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्याही याच चालीच्या.

माझी नणंद मुरबाडकडे असते, तिच्या गावच्या कलेक्शन सेंटरवर मी ही पट्टी वापरताना बघितली आहे. पहाटेची वेळ, कॅन रांगेत, तो पोरगा छोट्या कुपीत दूध घालतो, तळाशी वाळवलेलं सोनं असतं ते विरघळून दूध गुलाबी होतं, मग पट्टी बुडवतो आणि मोबाईलवर टायमर लावतो. रेघ थोडी फिकट आली की सगळे पट्टीवर वाकून भांडायला लागतात, आहे-नाही-आहे. रेघ "येण्यावर" एकमत होतं, रेघ "कमी आहे" यावर कधीच होत नाही, म्हणून मोठ्या डेअऱ्यांत रेघ वाचायला छोटं यंत्र ठेवतात.

काही जण विचारतील की मग दोन पावांचा नाद सोडून चिकटलेल्या रेणूचं वजनच का नाही मोजत. मोजतात की. सोन्याच्या पातळ थरावर खालून प्रकाश टाकायचा आणि वर काही चिकटलं की परतणाऱ्या प्रकाशाचा कोन किंचित सरकतो, सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स त्याचं नाव, १९९० पासून अशी मशीन विकत मिळतात. पण थरावर बसवलेली अँटीबॉडी दीड लाख डाल्टनची आणि मेलामाइन १२६ ची. स्टेशनवर ते दिवे लुकलुकणारे वजनकाटे असायचे, आठवतायत ना, तिकीट यायचं वर भविष्य फुकट. त्यावर ६० किलोचा माणूस उभा करा आणि त्याच्या खिशात ५० ग्रॅम शेंगदाण्याची पुडी टाका. काट्याला पुडी कळायला हवी. हिशोब अगदी तेवढाच आहे, बाराशेला एक. आताच्या चांगल्या मशीनना पुडीसुद्धा कळते, पण मग माणसाने श्वास घेतलेलाही कळतो, म्हणजे लॅबचं तापमान जरा हललं तरी सिग्नल हलतो.

आणि किती कमी म्हणजे किती कमी, तेही सांगते. आपल्याकडे दुधात एम१ ची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी दुधाने भरली आणि त्यात मिठाचे आठ-दहा दाणे टाकले, तर तेवढं. तरी एका लिटरमध्ये ते रेणू नऊ कोटी गुणिले एक कोटी इतके भरतात! संख्या कमी नाहीच. पण त्याच लिटरमध्ये तीसेक ग्रॅम प्रोटीन आहे, म्हणजे वजनाने सहा कोटी पटींहून जास्त, शिवाय फॅट, साखर, कॅल्शियम, आणि यातलं प्रत्येक जण सोन्यावर बसायला बघतंय. डिस्टिल्ड वॉटरमध्ये वाघ असलेला सेन्सर दुधात मांजर होतो तो यामुळे.

इंटरव्ह्यूत "सर्स" म्हणजे काय विचारलं, मी म्हणालो साथीचा आजार. सगळे हसले. — बीएस्सीचा विद्यार्थी, वाशी

हसू दे, तू काही चुकीचं सांगितलं नाहीस, आजाराचं नावही तसंच आहे. त्यांना सरफेस एन्हान्स्ड रामन स्कॅटरिंग हवं होतं.

रेणूवर प्रकाश टाकला की जवळजवळ सगळा त्याच रंगाने परत येतो, प्रकाशाच्या कोटीभर कणांमागे, म्हणजे फोटॉनमागे, एखादाच असा की जो रेणूच्या थरथरीशी देवाणघेवाण करून किंचित वेगळ्या रंगाचा होऊन येतो. हा फरक प्रत्येक रेणूचा वेगळा, अंगठ्याच्या ठशासारखा. सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी कलकत्त्यात सुरुवातीला चक्क सूर्यप्रकाश वापरून हे बघितलं, २८ फेब्रुवारी १९२८, तो विज्ञान दिन आपण अजून पाळतो, आणि १९३० मध्ये नोबेल. पण कोटीत एक म्हणजे सिग्नल फारच बारीक, थोड्या रसायनासाठी बिनकामाचा.

१९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या मंडळींनी चांदीचा पृष्ठभाग खडबडीत करून त्यावर पिरिडिन नावाचं रसायन बसवलं आणि सिग्नल भलताच मोठा आला. त्यांना वाटलं खडबडीत म्हणजे जागा जास्त, जागा जास्त म्हणजे रेणू जास्त, म्हणून मोठा. १९७७ मध्ये दुसऱ्या दोन टीमनी हिशोब मांडून दाखवला की जागा कितीही धरली तरी गणित जुळत नाही, चांदी स्वतःच सिग्नल लाखो पट फुगवतेय. कारण तेच, इलेक्ट्रॉनचा झोका. दोन कणांमध्ये एखाद-दोन नॅनोमीटरची फट असेल तर तिथे प्रकाश असा काही दाटतो की १९९७ मध्ये एकेका रेणूचा ठसा दिसला. २०१० मध्ये चीनच्या शियामेन विद्यापीठाच्या टीमने सोन्याच्या कणांना काचेसारखी पातळ साल चढवली, ते कण संत्र्याच्या सालीवर पसरले आणि कीटकनाशकाचा ठसा वाचून दाखवला. इंटरव्ह्यूला एवढं पुरे आहे.

आता इंटरव्ह्यूत न सांगायचं सांगते. एका कंपनीचा माणूस आमच्याकडे हातात धरायचं रामन यंत्र विकायला आला होता, नाव घेत नाही. टेबलावर पालक ठेवला, एका जुडीवर थायरम हे बुरशीनाशक मारलेलं, दुसरी स्वच्छ. फवारलेल्या पानावर सोन्याचं पाणी टाकलं, यंत्र टेकवलं, आलेखावर १३८० च्या जवळ, थायरमच्या ठशाच्या जागी, उंच शेंडी, थायरम! टाळ्या पडायच्याच बाकी. मी म्हटलं आता स्वच्छ जुडी दाखवा. तिथेही शेंडी, बुटकी होती, पण होती. पोरगा घामाघूम, म्हणाला मॅडम बाजारातूनच थायरम लागून आला असेल. असू शकतं ना, मीही क्षणभर गप्पच झाले. मग माझं लक्ष त्याच्या रबरी हातमोज्यांकडे गेलं. रबर पक्कं करायला जी रसायनं घालतात त्यात थायरम आणि त्याची भावंडं असतात, हातमोज्यांनी काही जणांच्या हाताला खाज सुटते ती बऱ्याचदा यामुळे. मोजे काढायला लावले, पानं नवीन घेतली, चिमट्याने धरली. शेंडी गेली. यंत्र खोटं बोललं नव्हतं, थायरम खरंच होता, फक्त पालकावरचा नव्हता.

आणि डेमोत नेहमी थायरमच का असतो माहितीये? सोन्याला गंधकाचं भारी वेड, थायरममध्ये गंधक ठासून भरलेलं, त्यामुळे तो धावत जाऊन सोन्याला बिलगतो. जी औषधं सोन्याकडे ढुंकूनही बघत नाहीत त्यांच्यासाठी हेच यंत्र शांत बसतं, आणि शांत बसलं म्हणजे भाजी स्वच्छ असं घेणाऱ्याला वाटतं. वर पालकातलं हरितद्रव्य लेझरखाली स्वतःच चमकतं, त्या चमकीत बारीक रेघा बुडून जातात. कुणी डेमो द्यायला आलं तर आपलं रसायन आपण द्यायचं, आपली भाजी आपण द्यायची, आणि कोरं सॅम्पल आधी मागायचं.

मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाजीवरचं औषध ओळखणारं ॲप ३९९ रुपयांत आलंय, घेऊ का? — पनवेल

नको. कॅमेरा लाल, हिरवा, निळा एवढंच बघतो आणि पानावरच्या औषधाला त्या मापात स्वतःचा रंग नसतो. पट्टी किंवा सोन्याचं पाणी आधी रंग बदलणार असेल तर तो रंग वाचायला मोबाईल उत्तम, तशी कामं चाललीही आहेत, पण नुसत्या फोटोवरून काही नाही. त्या पैशात वाशीच्या मार्केटातून भाजी आणा आणि वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवा.

ताई, गिऱ्हाईक आता कागदाची पट्टी घेऊन येतं आणि बोंबलाला लावतं, रंग आला की म्हणतं फॉर्मलिन मारलंय. आम्ही बर्फाशिवाय काही लावत नाही. दुसरं, बांगडा खाऊन तोंड लाल होतं ते पण औषधामुळे का? — मासे विकणारी मावशी, दिवाळे कोळीवाडा

मावशी, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण या भांडणात तुमची बाजू खरी असू शकते. २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मलिनवरून गदारोळ झाला तेव्हापासून पट्ट्यांचं नाव झालं, कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तशी पट्टी काढलेली आहे. ती नॅनो-बिनो नाही, साध्या रसायनाने रंग येतो, आणि चांगली आहे. पण बोंबील हा मासाच असा की मेल्यानंतर त्याच्या अंगातच फॉर्मल्डिहाइड (फॉर्मलिन म्हणजे पाण्यात मिसळलेलं हेच) तयार होतं, कुणी काही न मारता, आणि इतर माशांपेक्षा बरंच जास्त. पट्टीला ते बाटलीतलं की बोंबलाच्या अंगचं हे कळायचा काहीच मार्ग नाही. गिऱ्हाइकाला सांगा, पट्टी पापलेटला लावून बघा आणि मग बोला.

बांगड्याचं वेगळं आहे. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन हे प्रोटीनमधलं अमिनो आम्ल भरपूर, मासा उन्हात पडला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. मग खाल्ल्यावर थोड्या वेळात तोंड लाल, खाज, डोकं ठणकतं, लोक म्हणतात ॲलर्जी झाली. औषध मारल्यामुळे नाही, बर्फ उशिरा लागल्यामुळे, आणि एकदा तयार झालं की कितीही तळा, कालवण उकळा, ते जात नाही. (श्वास लागला किंवा घसा सुजला तर मात्र घरगुती उपाय करत न बसता तडक डॉक्टर.) हिस्टामाइनचा रेणू अगदी चिमुकला, १११ डाल्टनचा, त्याचेही प्रकाशवाले सेन्सर संशोधनात आहेत. पण आंतरराष्ट्रीय मानकात त्याची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे, मघाच्या अफ्लाटॉक्सिनच्या चार लाख पट! एवढं शोधायला साधी किट पुरते, उगाच महागडं यंत्र कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. होडीवरून टोपलीत येईपर्यंत बर्फ मोडला नाही ना, एवढं बघा.

सुई न टोचता प्रकाशाने शुगर सांगणारं घड्याळ मुलाने ऑनलाइन मागवलंय. विश्वास ठेवू का? — वय ७१, वर्तकनगर

काका, आकडा बघून इन्सुलिन किंवा गोळी ठरवणार असाल तर अजिबात नाही. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीरच केलं की न टोचता स्वतःहून शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही.

गंमत म्हणजे शुगर हा काही दुर्मिळ रेणू नाही. १०० चा रिपोर्ट म्हणजे डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम, अंगात पाच लिटर रक्त धरलं तर पाच ग्रॅम, एक चमचा साखर झाली की! ताण आला की वाढतं ते कॉर्टिसॉल याच्या दहा हजार पट कमी. तरी घड्याळाला शुगर जमत नाही, कारण कातडीतून आत जाणाऱ्या प्रकाशाला पाणी, चरबी, प्रोटीन, घाम सगळंच भेटतं आणि त्या गलक्यात साखरेचा आवाज ओळखू येत नाही. पुन्हा तेच रडगाणं. तुमचं रोजचं टोचायचं मीटर प्रकाशावर नाही, एन्झाइम आणि विजेवर चालतं. प्रकाशावर चालणारं एक आहे, एव्हरसेन्स नावाचं, २०१८ मध्ये एफडीएने मान्य केलं, पण ते दंडाच्या कातडीखाली बसवतात, त्यातलं द्रव्य साखरेला धरून चमकतं आणि ती चमक मोजतात. म्हणजे तिथेही आत शिरावंच लागलं. मुलाला रागावू नका, घड्याळ पावलं मोजायला ठेवा.

नदीत असे सेन्सर कायमचे का टाकून ठेवत नाहीत? — कळंबोली

कारण आठवडाभरात त्यावर शेवाळ चढतं. नदीच्या पाण्यात ठेवलेल्या कुठल्याही काचेवर, सोन्यावर बुळबुळीत थर बसतोच आणि मग प्रकाश फक्त तोच थर वाचत राहतो. कुणीतरी जाऊन पुसायला हवं, आणि आपल्याकडे यंत्र घ्यायला पैसे निघतात, पुसणाऱ्या माणसाला निघत नाहीत. तुमच्या शेजारी तळोज्यात २०१७ मध्ये कारखान्याच्या रंगाने कुत्री निळी झाली होती, देशभर फोटो फिरले. त्याला सेन्सर लागला नाही. जे पाणी स्वच्छ दिसतं त्यासाठी लागतो.

शाळेत मुलांना यातलं काही करून दाखवता येईल का? सोनं परवडणार नाही. — विज्ञान शिक्षिका, कोपरी, ठाणे

हळद घ्या, बाई. हळदीतलं करक्युमिन म्हणजे ३६८ डाल्टनचा लहान रेणू, आणि स्वयंपाकघरात फुकट.

सर्जिकल स्पिरिट घ्या, जेल सॅनिटायझर नको, तो गढूळ दिसतो. १०० मिलिलिटरमध्ये सपाट पाव चमचा हळद टाकून हलवा, गाळ बसू द्या, वरचं पिवळं पाणी चहाच्या गाळणीत टिश्यू ठेवून गाळून घ्या. खोलीत अंधार करा आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा बाजूने धरा, हिरवट-पिवळं चमकेल. आता औषधाच्या बाटलीवर येतात ते मापाचे कप मांडा, पहिल्यात हे मूळ, त्यातलं १ मिलिलिटर दुसऱ्यात आणि त्यात ९ मिलिलिटर स्पिरिट, त्यातलं १ तिसऱ्यात, पुन्हा ९, असं सहापर्यंत. प्रत्येक कप आधीच्यापेक्षा दहापट पातळ. दरवेळी ड्रॉपर धुवायचा नाहीतर सगळा घोळ, आणि सातवा कप नुसत्या स्पिरिटचा, तो सगळ्यात महत्त्वाचा.

मुलं आधीच ओरडतील की पहिल्यापेक्षा दुसरा कप जास्त चमकतो! बरोबर दिसतंय त्यांना. पहिल्यात हळद इतकी दाट की दिव्याचा उजेड कडेलाच गिळला जातो, आतपर्यंत पोचतच नाही. मग कप अदलाबदल करा, नंबर खाली चिकटवा, आणि ज्यांनी भरताना बघितलं नाही अशा मुलांना विचारा कुठल्या कपात चमक आहे. सातव्या कपातही चमक आहे म्हणणारे दोन-चार निघतीलच, त्यांना हसायचं नाही, त्यांची नावं वेगळी लिहून ठेवा. शेवटी एका चमकणाऱ्या कपात तेवढंच साधं पाणी ओता, चमक निम्म्यापेक्षाही खाली पडेल, कारण करक्युमिनला स्पिरिटमध्ये चमकायला आवडतं, पाण्यात नाही.

स्पिरिट पेटतं, जवळपास काडी-मेणबत्ती नको, खिडकी उघडी, दिवा कुणाच्या डोळ्यात मारायचा नाही, आणि ड्रेसला हळद लागली तर आयांचे फोन तुम्हाला येतील, मला नाही. कितव्या कपाला वर्गाचं एकमत तुटलं तेवढं मात्र कळवा, आमच्या स्वयंपाकघरात माझं आणि नातीचं चौथ्यालाच तुटलं.